बायरची मर्जी मिळवायची, पण मस्का न लावता. नेमकं कसं?

टर्निंगवाला_भोसरी

भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे. सहा सीएनसी, दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी कटिंग मशीन. चाकणच्या दोन कंपन्यांना शाफ्ट आणि बुश जातात. आतापर्यंत माझं काम मशीनवरचं होतं, आता गिऱ्हाइकाकडचं बोलणंही माझ्याकडे आलंय. सगळे सांगतात, "गोड बोलायला शीक, पर्चेसवाल्या साहेबांची मर्जी सांभाळ." गेले तीन महिने रोज सकाळी शुभ सकाळचा मेसेज, साहेबांच्या प्रत्येक पोस्टला दाद, भेटीत "सर, तुमच्यासारखा माणूस नाही" असं सगळं चालू आहे. साहेब हूं म्हणतात आणि विषय बदलतात. नव्या पार्टची चौकशी मात्र दुसऱ्याच व्हेंडरकडे (पुरवठादाराकडे) जाते.

गोड बोलणं चुकीचं आहे, की माझी पद्धत चुकते आहे? कृपया तत्त्वज्ञान नको. काय बोलायचं, कधी, कोणाशी आणि किती, एवढं सांगा.

सहकारनगरचा_वाचक

पद्धत चुकते आहे, आणि ती का चुकते याचं कारण बरंच जुनं आहे. एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मर्जी संपादन करण्याच्या वागण्यावर सविस्तर मांडणी केली. त्याचे चार मार्ग त्याने सांगितले: समोरच्याची स्तुती, त्याच्या मताला दुजोरा, स्वतःची चांगली बाजू पुढे करणं आणि उपकार करून ठेवणं. त्यातली मुख्य अडचणही त्यानेच दाखवली. तुम्हाला समोरच्याची गरज जितकी जास्त, तितकी तुमची स्तुती त्याला कमी खरी वाटते. व्हेंडर आणि बायर यांच्यात ही गरज दोघांनाही दिवसभर दिसत असते. म्हणजे तुम्ही अगदी मनापासून बोललात तरी सुरुवात तोट्यातूनच होते.

यातून पहिला नियम निघतो. स्तुती आणि मागणी एका दिवसात आणू नका. कोटेशन दिल्यापासून ऑर्डरचा निर्णय होईपर्यंत कौतुकाचा एक शब्दही नको. पेमेंटची आठवण करायच्या मेसेजमध्ये तर नकोच नको. "सर, कालचं प्रेझेंटेशन अप्रतिम! बाय द वे, आपलं बिल..." हे वाक्य वाचताना माणूस पहिला अर्धा भाग पुसून टाकतो, आणि पुढच्या वेळी खरं कौतुक केलंत तरी त्याची नजर "बाय द वे" शोधत राहते.

दुसरी गोष्ट, कौतुक माणसाचं नको, कामाचं करा. "तुमच्यासारखा माणूस नाही" हे वाक्य कोणालाही लागू पडतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही. वाक्य तीन तुकड्यांत बांधा. त्यांनी नेमकं काय केलं, त्यामुळे तुमच्याकडे काय बदललं, आणि पूर्णविराम. उदाहरणार्थ: "साहेब, या महिन्याचं शेड्यूल तुम्ही मागच्या महिन्याच्या २५ तारखेलाच पाठवलंत. त्यामुळे सळईचा बार एकदम उचलता आला आणि मशीनचं सेटिंग दोनदा बदलावं लागलं नाही." इथे थांबायचं. "म्हणूनच तुम्ही ग्रेट आहात" हे शेपूट जोडलं की वाक्य पडलं. तिसरा तुकडा गप्प बसण्याचा आहे, आणि बहुतेकांना तोच जमत नाही.

प्रमाण विचारलंत म्हणून सांगतो. एका माणसाला महिन्यात एखादं असं वाक्य भरपूर झालं. ज्या महिन्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, त्या महिन्यात शून्य.

आणि पुण्यात एक ध्यानात ठेवा. इथे "ठीक आहे" म्हणजे चांगलं असतं आणि "बरं झालंय" म्हणजे उत्तम. अशा कानांना "अप्रतिम", "जबरदस्त", "नंबर एक" हे शब्द विक्रीचे वाटतात. विशेषणं गाळा आणि घडलेली गोष्ट सांगा. एका मेसेजात "सर" एकदा पुरे.

पर्चेस_टेबलच्या_पलीकडून

टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं लिहितो.

बायरकडे साधारण चाळीस-पन्नास व्हेंडर असतात. सकाळी नऊच्या आत फुलांची चित्रं आणि सुविचार यांचा ढीग लागतो. त्याखाली "माल निघाला, गाडी नंबर अमुक" हा कामाचा मेसेज दबून जातो. तुमच्या शुभ सकाळमुळे तुमचाच उपयोगी मेसेज वाचायचा राहतो. हे नुकसान कोणी मोजत नाही.

बायरची मर्जी खरंच कशावर अवलंबून असते ते पाहा. त्याला दर महिन्याला व्हेंडर रेटिंग भरावं लागतं: गुणवत्ता, वेळ, किंमत, प्रतिसाद. वजन कंपनीगणिक बदलतं, पण पहिले दोन रकाने आकड्यांचे असतात आणि ते सिस्टीममधून येतात. १२,००० नग पाठवले आणि ९ परत आले, की ७५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ७५० नग खराब. तिथे गोड बोलणं शिरत नाही. चौथा रकाना, प्रतिसाद, हाच एक माणसाच्या हातात असतो. मर्जीची सगळी जागा तिथे आहे.

आणि तो रकाना वाईट बातमीच्या वेळी भरला जातो. माल उशिरा येणार हे बायरला स्टोअरमधून कळलं, तर त्याची त्याच्याच प्रॉडक्शनवाल्यांसमोर शोभा होते. तेच तुमच्याकडून आदल्या दिवशी कळलं तर तो बैठकीत उत्तर घेऊन जातो. त्यामुळे अडचण दिसल्यापासून तासाभरात कळवा, आणि या क्रमाने: पार्ट नंबर, किती नग, कधी, कारण एका ओळीत, आणि तुम्ही काय करताय.

"पार्ट अमुक. उद्याच्या १,००० पैकी ६०० सकाळी ११ पर्यंत, ४०० परवा दुपारी ३ पर्यंत. हीट ट्रीटमेंटची बॅच उशिरा आली. तुमच्याकडे लाइनला किती तासांचा स्टॉक आहे ते कळवा. गरज असेल तर २०० रात्रीच्या गाडीने काढतो."

इथे काय चुकतं? लोक सगळी लांबण आधी लावतात: "सर, आपले संबंध इतके चांगले आहेत, आपण समजून घ्याल अशी आशा..." आकडा पाचव्या ओळीत. वाचणाऱ्याला वाटतं की अडचण दिसते त्याहून मोठी असणार, नाहीतर एवढं लोणी कशाला? दुसरी चूक म्हणजे दिलेली वेळ पुन्हा हुकते. बायरला खूश करायला "आज संध्याकाळी देतो" म्हणणं ही सुद्धा खुशामतच आहे, आणि सगळ्यांत महागडी. संध्याकाळी सात म्हणालात आणि सकाळी दहाला पोचलात, तर तुमचे पुढचे सगळे आकडे तो मनात दीडपट करून वाचतो.

नव्या चौकश्या दुसरीकडे का जातात याचंही बहुधा हेच कारण आहे. नवा पार्ट म्हणजे बायरच्या डोक्यावरची जोखीम. तो विचारतो की ड्रॉइंग पाठवल्यावर शंका कोण काढतो? कोटेशनसोबत दोन नेमके प्रश्न पाठवा: "या बोअरला २० मायक्रॉनचा टॉलरन्स आहे, पण जुळणारा पार्ट स्लाइड फिट आहे. ३० चालेल का? चालला तर ग्राइंडिंगचं ऑपरेशन वाचेल." बायर हे डिझाइनकडे घेऊन जातो आणि बचत त्याच्या नावावर लागते. ती त्याच्याच नावावर लागू द्या, कुठेही "आम्ही सुचवलं होतं" म्हणू नका. शंभर कौतुकांपेक्षा हे जास्त धरून राहतं.

गेज_रूम

सगळे बायरबद्दल लिहितायत. व्हेंडरचा दिवस चांगला किंवा वाईट करणारी माणसं त्याच्या खाली असतात: गेटवरचा सिक्युरिटी, इनवर्डचा क्लार्क, इनकमिंग इन्स्पेक्शनचा माणूस. गाडी दहाला पोचून चारपर्यंत उभी राहिली, तर ते साहेबांच्या मर्जीने सुटत नाही.

नेदरलँड्सच्या रूस व्होंक यांचा १९९८ चा एक अभ्यास इथे अगदी चपखल बसतो. वरच्यांशी गोड आणि खालच्यांशी तुसडं वागणारा माणूस पाहणाऱ्यांना विलक्षण नकोसा वाटतो, आणि तशी थोडीशी चिन्हं दिसली तरी संशय पक्का होतो. कारखान्यात ही चिन्हं लपत नाहीत. साहेबांच्या केबिनमध्ये कमरेत वाकणारा आणि गेटवर "ए, गाडी सोड" म्हणणारा व्हेंडर दोन दिवसांत सगळ्यांना माहीत होतो, साहेबांनाही.

गेटवर "काका, चलन इथे आहे, ई-वे बिल वर लावलंय" एवढं नीट बोलणं पुरतं. पण शब्दांपेक्षा कागद बोलतो. चलनावर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, पार्ट नंबर आणि ड्रॉइंगचं रिव्हिजन पीओप्रमाणेच हवं. इन्व्हॉइसवर रिव्हिजन ०३ आणि पीओवर ०४ असेल तर क्लार्कला मेल करावा लागतो, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अडकतो आणि तुमचं पेमेंटही. दर बिनला सारखेच नग भरा, म्हणजे त्याला मोजायला सोपं. लेबल बिनच्या त्याच बाजूला, जिथे रॅकवर ठेवल्यावर दिसेल. कुठली बाजू हवी, हे त्यालाच विचारा.

हे विचारण्यात आणखी एक फायदा आहे. जेकर आणि लँडी यांनी १९६९ मध्ये दाखवलं होतं की ज्याच्यासाठी आपण छोटंसं काही करतो, तो आपल्याला जास्त आवडू लागतो. म्हणून इन्स्पेक्टरचं कौतुक करण्यापेक्षा त्याची दहा मिनिटं मागा: "तुम्ही हा डायमीटर कुठे धरून मोजता? आमचं मापन तुमच्याशी जुळवून घ्यायचंय." तो दाखवेल. त्यातून दोन्हीकडचा फरक कळतो. आमच्याकडे मायक्रोमीटर, त्यांच्याकडे एअर गेज, त्यामुळे अर्धी भांडणं मुळात मापाची असतात. मागणी मात्र त्याच्या कामाच्या आतली आणि छोटी हवी. "एवढी लॉट पास करून टाका" ही विनंती दहा मिनिटांची असली तरी छोटी नाही, ती त्याच्या नोकरीवर बोट ठेवते.

त्याने रिजेक्शन काढलं तर वाद घालण्याआधी त्याच नगांवर दोघांनी मिळून मोजा. चूक तुमची निघाली तर तिथेच म्हणा, "बरोबर आहे, आमची चूक." त्याला इतका मान क्वचितच मिळतो.

कर्वे_रोड_संध्याकाळ

थोडा विरोध नोंदवतो. खोटी स्तुती चालत नाही असं वर सगळे गृहीत धरतायत. एलेन चॅन आणि जयदीप सेनगुप्ता यांनी हाँगकाँगमध्ये केलेलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन उलटं सांगतं. वाचणाऱ्यांना दुकानाचं एक पत्रक दिलं होतं, त्यात त्यांच्या कपड्यांच्या निवडीची तारीफ. छापील पत्रक, सगळ्यांना तेच, हेतू उघड. लोकांनी वरवर ते झटकलं, पण मनाच्या आतल्या थरात दुकानाबद्दल बरं मत उरलंच. माणसाला कौतुक आवडतं, हे नाकारून काय उपयोग?

सहकारनगरचा_वाचक

अभ्यास बरोबर सांगितलात. पण तिथे नातं एका पत्रकापुरतं होतं. ज्याची पुन्हा गाठ पडायची नाही, त्याच्या बाबतीत असा लेप टिकू शकतो. बायर तुम्हाला दर आठवड्याला भेटतो आणि दर महिन्याला गुण देतो. मालाचा आकडा स्तुतीशी जुळला नाही की प्रत्येक वेळी तो लेप खरवडला जातो.

याच विषयावर जास्त जवळचा अभ्यास जेम्स वेस्टफाल आणि इथाई स्टर्न यांचा आहे, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या संचालकांवरचा. ज्यांना पुढे आणखी संचालकपदं मिळाली, त्यांची खुशामत उघडी नसायची. ते स्तुतीऐवजी सल्ला विचारत: "हे तुम्ही कसं जमवलंत?" मत मान्य करण्याआधी थोडा वाद घालत. आणि कौतुक माणसाच्या तोंडावर न करता त्याच्या मित्रांजवळ करत.

यातलं तिसरं प्रामाणिकपणे वापरता येतं, म्हणून त्याबद्दल थोडं. बायरने किंवा इन्स्पेक्टरने खरंच अडचण सोडवली असेल, तर त्याच्या वरिष्ठांना दोन ओळींचा मेल करा आणि त्याला कॉपी ठेवू नका. "अमुक पार्टच्या मापनातला फरक आपल्या गेज रूमने एका दिवसात सोडवला, त्यामुळे या महिन्यातलं रीवर्क थांबलं." नाव, घटना, परिणाम. वर्षातून दोनदा पुरे. अट एकच: घटना शंभर टक्के खरी हवी, कारण वरिष्ठ त्या माणसाला विचारणारच. आणि ऑडिटच्या किंवा किंमत ठरण्याच्या महिन्यात हा मेल नको. त्याला अडचण होईल असं काहीही कौतुक नव्हे.

दुसरा मुद्दा, वादाचा. "सर म्हणतात ते बरोबर" ही सवय सोडा. शंका असेल तर आधी शंका सांगा, मग पटलं तर पटलं म्हणा. जो कधी नाही म्हणत नाही, त्याच्या होकाराला वजन नसतं.

पर्चेस_टेबलच्या_पलीकडून

दिवाळीच्या भेटींबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि नवख्या माणसाचा घोळ तिथेच होतो. बऱ्याच खाजगी कंपन्यांचं भेटवस्तू धोरण असतं; विचारून लेखी घ्या. काही ठिकाणी मिठाईचा डबा चालतो, काही ठिकाणी डायरीही चालत नाही. चालत असेल तर ऑफिसात, सगळ्या विभागाला एक असा पाठवा. बायरच्या घरी, कोथरूडच्या पत्त्यावर, कधीही नाही. घरी पोचलेली वस्तू परत करायची की ठेवायची, या पेचात त्याला टाकलंत, की तो तुमच्यापासून चार हात दूर राहतो आणि ते रास्तच आहे.

उद्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं किंवा दुसऱ्या कुठल्या सरकारी कंपनीचं काम घेतलंत, तर तिथले कर्मचारी लोकसेवक ठरतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर काम करून घेण्यासाठी गैरलाभ देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. देणं भाग पाडलं गेलं असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. तिथे मिठाईचाही विचार नको.

टर्निंगवाला_भोसरी

खूप उपयोगी. दोन प्रश्न. रोजचा शुभ सकाळ एकदम बंद केला तर मला राग आला असं साहेबांना वाटेल का? आणि आमचे दुसरे बायर उलट आमचंच कौतुक करतात: "तुम्ही म्हणजे घरचे, तुमच्यासारखा व्हेंडर नाही", आणि पाठोपाठ तीन टक्के कमी करा म्हणतात. तिथे काय बोलायचं?

गेज_रूम

शुभ सकाळ: त्याच वेळेला त्याऐवजी कामाची एक ओळ पाठवा. "आज निघणारा माल: अमुक ८००, तमुक ५००, गाडी ११ वाजता." माल निघतो त्याच दिवशी. आठवड्याभरात फुलांची कोणाला आठवण राहत नाही. स्पष्टीकरण देऊ नका.

खर्चाचा_हिशेब

दुसऱ्याचं मी सांगतो. टेबलापलीकडूनही मस्का येतो, आणि छोटे युनिटवाले तिथेच हरभऱ्याच्या झाडावर चढतात. घरचे म्हटल्यावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

आधी स्वतःचा आकडा माहीत हवा. समजा पार्टचा दर ३८ रुपये आहे आणि त्यात तुमचा नफा ८ टक्के, म्हणजे ३ रुपये ४ पैसे. तीन टक्के कपात म्हणजे १ रुपया १४ पैसे. ती दराच्या तीन टक्के दिसते, पण नफ्याच्या साडेसदतीस टक्के जाते. हा एक हिशेब कागदावर नेला, की घरचेपणाचा गोडवा आपोआप जागेवर येतो.

उत्तर असं द्या: "आभारी आहे साहेब." मग दोन सेकंद थांबा. कौतुक नाकारू नका आणि त्यावर परत कौतुकही उलटवू नका. नंतर: "दरावर बोलू. एका नगाचा सायकल टाइम ९० सेकंद आहे, तासाला मशीनचे ४५० रुपये धरले तर सव्वाअकरा रुपये तिथेच जातात. ते कमी करायचं तर लॉट ५०० ऐवजी २,००० ची हवी, सेटिंग चारवरून एकावर येतं. तेवढं शेड्यूल लेखी मिळालं तर एक टक्का देतो." सूट हवी तर बदल्यात काहीतरी यायला हवं: मोठी लॉट, बारच्या दरातल्या चढउताराची भरपाई किंवा लवकर पेमेंट.

पेमेंटबद्दल तर भीड अजिबात नको. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. हे २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणलेली तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. मुदत उलटून दिलेल्या अशा बिलाचा खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा करता येतो. त्यामुळे त्यांच्या अकाउंट्सला तुमची नोंदणी माहीत असणं महत्त्वाचं. उद्यम क्रमांक इन्व्हॉइसवर छापा आणि प्रमाणपत्राची प्रत मार्चच्या आधी अकाउंट्सला पाठवा, बायरला नाही. बायरशी संबंध गोड राहतात आणि आठवण कागद करून देतो.

सहकारनगरचा_वाचक

एक राहिलं. बायरची बदली होते तेव्हा मर्जीवर उभं केलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी जाणाऱ्याला दोन ओळी लिहा, त्याने केलेल्या एका नेमक्या गोष्टीबद्दल. आता त्याच्याकडून काही मिळायचं नाही, हे त्यालाही माहीत असतं, म्हणून त्या दोन ओळी तो पूर्ण वाचतो. नव्या बायरला मात्र ओळखीचं भाषण नको. एक पान पाठवा: चालू पीओ, बाकी नग, अडकलेले जीआरएन, वादातल्या डेबिट नोट (बिलातून कापलेल्या रकमा) तारखांसह, आणि गेल्या सहा महिन्यांचे पीपीएम, वाईट महिन्यासकट.